आमच्या घराण्यात असलं कुणी न्हाई

भाची दहा महिन्यांची असताना आम्ही तिला जोतिबाला घेऊन गेलो होतो. रविवार होता. डोंगरावर नेहमीची गर्दी, कुणाचा तरी नवस फेडायचा म्हणून ढोल लावलेला, गुलालाने दगडी पायऱ्या लाल झालेल्या. ढोलवाला आमच्यापासून दोन हातांवरून गेला. त्या दणक्याने माझी छाती हादरली. भाची बापाच्या खांद्यावर झोपली होती, ती तशीच झोपून राहिली. मागून येणारी एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, “किती गुणाचं लेकरू! दचाकलं सुदीक न्हाई.” आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. त्या दिवशीचा फोटो ताईच्या घरात लावलेला आहे. मला तो आता बघवत नाही.

चौदाव्या महिन्यात ताई धरून बसली की हाक मारली तर ही वळत नाही. मग घरातच परीक्षा झाली. आत्याने पितळी ताट घेतलं, भाचीच्या मागे उभी राहिली आणि उलथन्याने ते वाजवलं. भाचीने मान वळवली. “बघा, ऐकतंय की!” म्हणून सगळ्यांनी निःश्वास टाकला. जमिनीला हादरा बसला, सावली हलली, मागून वारा लागला, तरी न ऐकणारं मूलही वळून बघतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मध्ये एका डॉक्टरांनी “काही मुलं उशिरा बोलतात, घाई करू नका” असं सांगून परत पाठवलं. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी, झाली तेव्हा ती बावीस महिन्यांची होती. दोन्ही कान, जवळजवळ पूर्ण.

ताईला आत्याच्या घरात दिलेली. म्हणजे तिचा नवरा आमचा आतेभाऊ, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ताई त्याच्या मामाची मुलगी. कोल्हापूर भागात यात सांगण्यासारखं काही नाही. घरची पोर घरात राहिली म्हणून लग्नात सगळे खूश होते. रिपोर्ट आला त्या रात्री मात्र आत्या, जिने ताईला लहानपणी कडेवर घेऊन गावभर फिरवलं होतं ती आत्या, भिंतीला टेकून म्हणाली, “आमच्या घराण्यात असलं कुणी न्हाई.” वाक्य कुणाला उद्देशून नव्हतं. पण लागायचं तिला ते लागलं. मग एकेक निघत गेलं. ग्रहणात भाजी चिरली होती. सातव्या महिन्यात तिन्हीसांजेला ओढ्यावरून आली होती. बाळंतपणाआधी फोन सारखा कानाला असायचा. ताईने यातलं प्रत्येक ऐकून घेतलं आणि पुढची पाच वर्षं ते मनात वागवलं.

पाच वर्षं, कारण भाचीची जनुकीय तपासणी व्हायला तेवढा वेळ गेला. कुणी सुचवलीच नाही. सुचवली तेव्हा ‘आता कळून काय उपयोग’ असंही लगेच ऐकायला मिळालं. त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं असं की जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना त्याचं कारण कळणं हा त्यांचा हक्क आहे आणि ते कळवणं हे सरकारी आरोग्यसेवेचं काम आहे. लस जशी फुकट आणि दारात मिळते, तशी ही तपासणी आणि तिचा अर्थ मराठीत समजावून सांगणारं माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी मिळायला हवं. ही मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांची चैन नव्हे.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. नववीच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आहे. दरवर्षी फळ्यावर मेंडेलचे वाटाणे येतात, उंच आणि बुटके, चार चौकटी आणि तीनास एक हे प्रमाण. मुलं ते पाठ करतात, गुण मिळवतात. या चौकटी आपल्या घरालाही लागू असतात, हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, कारण माझ्याच डोक्यात ते कधी आलं नव्हतं. भाचीचा रिपोर्ट हातात घेतला तेव्हा त्यावर त्याच चार चौकटी होत्या.

तो रिपोर्ट काय सांगत होता ते जरा सावकाश सांगतो. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा एक अवयव असतो, कॉक्लिया. त्यात बारीक केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. आवाजाने आतला द्रव हलतो, ती टोकं वाकतात, पोटॅशियम पेशीत शिरतं आणि मेंदूकडे खबर जाते. हे पोटॅशियम पुन्हा मूळ जागी न्यावं लागतं, नाहीतर पुढचा आवाज पकडता येत नाही. विहिरीत मोट रिकामी परत सोडल्याशिवाय दुसऱ्यांदा पाणी येत नाही, तसं. ही ने-आण शेजारच्या पेशींमधल्या बारीक बोगद्यांतून होते आणि ते बोगदे कनेक्झिन-२६ नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्या प्रथिनाची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते त्याचं नाव जीजेबी-२. तेराव्या गुणसूत्रावर ते असतं. त्यातल्या बिघाडामुळे मुलं जन्मतः बहिरी होतात हे १९९७ साली सिद्ध झालं. बहिरेपणाशी संबंधित जनुकं आज शंभराच्या वर माहीत आहेत, पण जगभर सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांत हे एक.

कनेक्झिन-२६ मध्ये २२६ अमिनो आम्लं ओळीने जोडलेली असतात. भाचीच्या जनुकात चोविसाव्या जागी एकच अक्षर बदललेलं होतं. तिथे ट्रिप्टोफॅन यायला हवं, त्याऐवजी ‘थांबा’ ही खूण आली होती. सव्वादोनशे शब्दांचं वाक्य चोविसाव्या शब्दापाशी पूर्णविराम देऊन संपलं. बोगदा बांधलाच गेला नाही. भारतात या जनुकातला सगळ्यात जास्त सापडणारा बदल हाच. युरोपात गोऱ्या लोकांत सापडतो तो निराळा, चीन-जपानकडचा आणखी निराळा. आणि गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे युरोपातल्या रोमा लोकांत मात्र आपलाच बदल सापडतो, स्लोव्हाकियापासून स्पेनपर्यंत. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून निघाले तेव्हा हे एक अक्षर त्यांच्याबरोबर गेलं. ग्रहण, ओढा, फोन यांच्या कितीतरी आधीपासून ते चालत आलेलं आहे.

या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक खराब प्रत असली तर माणसाला काहीही होत नाही, कारण दुसरी चांगली प्रत काम भागवते. असा माणूस वाहक असतो आणि त्याला आयुष्यभर ते कळत नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की मुलाला दोन्ही खराब प्रती मिळतील. दोघांकडूनही एकेक प्रत आल्याशिवाय हे होतच नाही. ‘सुनेकडनं आलं’ हे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने अशक्य आहे. म्हणूनच जन्मतः बहिरी असलेली दहातली नऊहून जास्त मुलं चांगलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात आणि ‘आमच्यात असलं कुणी नाही’ असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटतं.

आता सोयरिकीचं बोलू. आतेभाऊ आणि मामेबहीण यांचा आजोबा एक, आजी एक. त्यांच्या जनुकांचा आठवा हिस्सा सरासरीने सारखा असतो. आजोबांकडे एक खराब प्रत असेल तर ती मुलाकडेही उतरू शकते आणि मुलीकडेही, आणि मग त्यांच्या मुलांचं लग्न लागलं की दोन्ही वाटांनी येऊन एका बाळात भेटते. हे सांगताना भीती घालायची नाही. कुठल्याही जोडप्याला जन्मजात व्यंगाचं मूल होण्याची शक्यता शेकडा दोन-तीन असते, सख्ख्या आते-मामे लग्नात ती साधारण दुपटीपर्यंत जाते. म्हणजे अशा लग्नांतूनही बहुतेक मुलं धडधाकट निघतात. लोकांना पटत नाही त्याचं कारण हेच. प्रत्येकाच्या पाहण्यात मामाची मुलगी केलेली आणि सुखात असलेली चार घरं असतात.

आपण लग्न ठरवताना किती काय बघतो! एक देवक असलं तर सोयरीक नाही, एक गोत्र असलं तर नाही. पण देवक आणि गोत्र बापाच्या बाजूने चालतात. आजोळाकडून काय आलं ते त्यात कुठेच दिसत नाही, आणि मामाची मुलगी या गाळणीतून अलगद खाली येते. पत्रिका बघणारे नाडी जुळत नाही म्हणून चांगलं स्थळ सोडतात, कारण काय तर संततीला त्रास होईल. अलीकडे नवराबायकोचा रक्तगट एकच नको, असं एक नवीन खूळ निघालंय. त्याला कसलाही आधार नाही. रक्तगट सारखा असल्याने मुलाला काही होत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचं ठरत आलेलं लग्न दोघं ‘बी पॉझिटिव्ह’ निघाले म्हणून मोडलं, आणि त्याच मांडवात पुढच्या वर्षी तिला आत्याच्या घरी दिली. संततीची काळजी लोकांना आहेच. ती काळजी चुकीच्या जागी खर्च होते आहे.

हा प्रश्न फक्त आते-मामे लग्नांचा आहे असं समजून बाकीच्यांनी हात झटकू नयेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिलं की भारतात साधारण १९०० वर्षांपूर्वीपर्यंत वेगवेगळे लोक एकमेकांत मिसळत होते आणि नंतर ते थांबलं. मग बेटीव्यवहार जातीत, पोटजातीत, शेजारच्या चाळीस गावांत. नात्यात नसलेले नवराबायकोसुद्धा दहा-वीस पिढ्यांमागे कुठल्यातरी एकाच जोडप्यापर्यंत पोचतात. आंतरजातीय लग्नाला कायद्याचं पाठबळ देणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांच्या जिल्ह्यात हे लिहितोय. त्यांनी ते जनुकांसाठी केलं नव्हतं, माणुसकीसाठी केलं होतं, आणि आजही कारण तेच पुरेसं आहे.

‘कळून काय उपयोग?’ याचं एक उत्तर वर दिलं, आईच्या डोक्यावरचा आळ उतरतो. पण उपयोग तेवढाच नाही. बहिरेपणा एक दिसतो, त्यामागची कारणं फार निराळी असतात. जर्वेल आणि लँग-नील्सन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १९५७ साली एका कुटुंबातल्या काही मुलांचं वर्णन केलं. ती जन्मतः बहिरी होती, खेळताना किंवा घाबरली की चक्कर येऊन पडायची, आणि त्यांतली काही अचानक दगावली. त्यांच्या कानातलं पोटॅशियमचं जे दार बिघडलेलं असतं तेच हृदयातही असतं. हे दुर्मीळ आहे, पण ते पकडायला साधा ईसीजी लागतो, जो तालुक्याच्या दवाखान्यात निघतो, आणि औषधांनी जीव वाचू शकतो. जन्मतः बहिऱ्या मुलाला चक्कर आली तर घरचे फिट समजतात, कुणी बाहेरचं समजतात. प्रत्येक कर्णबधिर मुलाचा एकदा ईसीजी काढायचा, एवढी साधी गोष्टसुद्धा आपल्याकडे ठरलेली नाही.

दुसरं उदाहरण अशर सिंड्रोमचं. यात मूल बहिरं जन्मतं आणि पुढे नऊ-दहा वर्षांचं झालं की संध्याकाळी ठेचकाळायला लागतं, मग हळूहळू दोन्ही बाजूंची नजर आकसत जाते. हातवाऱ्यांची भाषा आणि ओठ वाचणं या दोन्हींसाठी डोळे लागतात. ज्या मुलाचे डोळे पुढे जाणार आहेत त्याला दोन्ही कानांना लवकर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कॉक्लियात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, मिळणं किती गरजेचं आहे, हे जनुक कळल्याशिवाय कुणाला कळणार? आणखी एक प्रकार फक्त आईकडून उतरतो. त्या घराण्यातल्या माणसाला जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारखं इंजेक्शन दिलं तर चांगला कान कायमचा जाऊ शकतो. एका मुलाचा रिपोर्ट आला की आईला, मावशीला, मावशीच्या मुलांना ‘हे इंजेक्शन घेऊ नका’ असं सांगता येतं. एका कागदाने अख्ख्या आजोळाचे कान वाचतात.

आणि जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यातलं धडकाई गाव. तिथे पिढ्यान् पिढ्या कितीतरी माणसं बहिरी जन्मली. डोंगरातलं एकाकी गाव, लग्नं आपापसांत. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा तिथे ओटोफर्लिन नावाच्या दुसऱ्याच जनुकात बदल सापडला. याच जनुकावर २०२४च्या जानेवारीत शांघायच्या डॉक्टरांनी सहा मुलांच्या कानात चांगलं जनुक सोडल्याची बातमी जगभर गाजली. सहापैकी पाच मुलांना ऐकू यायला लागलं. ती बातमी व्हॉट्सॲपवर ताईकडेही पोचली आणि ती रात्रभर झोपली नाही. सकाळी तिला सांगावं लागलं की हा उपचार ओटोफर्लिनपुरता आहे, आपल्या पोरीचं जनुक दुसरं. कारण माहीत होतं म्हणून एका सकाळीत ते सांगता आलं. ज्यांना माहीत नाही ते असल्या प्रत्येक बातमीमागे धावतात आणि त्यांना लुबाडणारेही भेटतात. भाचीच्या बाबतीत रिपोर्टने उलट धीरच दिला. कनेक्झिनच्या बिघाडात कानाची नस चांगली असते, त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांट चांगलं काम करतं.

अर्थात कारण कळण्याआधी बहिरेपणा कळायला हवा, आणि तो वेळेवर. जगभर यासाठी एक साधा हिशेब मानतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. पोटातलं बाळ साधारण सहाव्या महिन्यापासून आवाजाला प्रतिसाद देतं. अभिमन्यूची गोष्ट आपल्या आजीला माहीत होती. ऐकणारं मूल जन्मतानाच आईच्या आवाजाची तीन महिन्यांची शिदोरी घेऊन येतं, न ऐकणाऱ्याची ती आधीच हुकलेली असते. भाचीचे बावीस महिने गेले. इम्प्लांट झालं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. केंद्राच्या योजनेत इम्प्लांटसाठी पाच वर्षांची मर्यादा आहे, तिच्यात ती बसली म्हणून झालं. तिच्यासारखी किती मुलं पाचवा वाढदिवस ओलांडल्यावर तपासायला येतात हे कर्णबधिर शाळेतल्या कुठल्याही बाईंना विचारा.

चाळणीसाठी लागतं काय? हातात मावणारं यंत्र, ज्याचं टोक झोपलेल्या बाळाच्या कानात ठेवतात. निरोगी कान आवाज ऐकला की स्वतःही अगदी बारीक आवाज परत काढतो, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवलं, आणि ओएई नावाची ही तपासणी त्यावरच चालते. काही मिनिटांचं काम, बाळाला काही दुखत नाही. ओटोफर्लिनसारख्या प्रकारात कान हा आवाज काढतो आणि मूल तरीही बहिरं असतं, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेल्या आणि शंका असलेल्या बाळांची मेंदूपर्यंतची तपासणीही करावी लागते. कायदे, योजना सगळं जागेवर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६चं पंचविसावं कलम सांगतं की सरकारने प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा तरी तपासणी करावी. आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या दीड महिन्यात पाच-सहा वेळा येतेच.

माझी मागणी छोटी आहे. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो, ग्रामीण रुग्णालय असो की शहरातलं खाजगी प्रसूतीगृह, बाळ घरी जाताना त्याच्या कार्डावर कानाची एक ओळ असली पाहिजे. ‘उजवा, डावा, तपासला’ किंवा ‘अमुक तारखेला पुन्हा आणा’. कार्डावर बीसीजीचा रकाना रिकामा दिसला तर आई स्वतः विचारते. कानाचा रकानाच नसेल तर ती काय विचारणार? दीड महिन्याच्या लसीला बाळ येतंच, त्या दिवशी राहिलेल्यांचे कान तपासता येतात. चंदगडची आई शंभरावर किलोमीटर प्रवास करून कोल्हापूरला येणार नाही, गगनबावड्याची पावसाळ्यात येऊ शकणार नाही. यंत्राने तिच्याकडे जावं. आणि ज्याचं निदान पक्कं झालं त्या मुलाचं रक्त एकदा जनुकांसाठी पाठवावं.

खर्चाचा मुद्दा निघतोच. शाळेला शिक्षक नाही, कानाच्या मशीनला सेल नाहीत आणि तुम्हाला जनुकं हवीत, असं मला एका सभेत ऐकवलं. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, माणूस कळकळीने बोलत होता. पण जीजेबी-२ हे छोटंसं जनुक आहे, त्याची प्रथिनाची सगळी कृती एका तुकड्यात मावते, त्यामुळे आधी तेवढंच वाचणं स्वस्त पडतं. तिथे सापडलं नाही तरच मोठ्या तपासणीकडे जायचं. आणि सरकारला हे जमत नाही असंही नाही. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. तोही आनुवंशिक आजार, तीही चारात एकची गोष्ट. शिवाय रुबेलाची लस आता सगळ्या बाळांना मिळते. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम महाराष्ट्रात २०१८च्या नोव्हेंबरात झाली. रुबेलामुळे येणारं बहिरेपण जसं कमी होत जाईल तसं उरलेल्या मुलांत जनुकांचा वाटा वाढत जाणार. प्रश्न टाळून लहान होणारा नाही.

याहून जड आक्षेप दुसरा आहे, आणि तो कोल्हापुरात घ्यायलाच हवा. २००१च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. सोनोग्राफीच्या यंत्राने काय केलं ते आपण पाहिलंय, आणि त्याच यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवून पाळत ठेवण्याची सुरुवातही इथेच झाली. उद्या जनुकांच्या तपासणीचं तेच झालं तर? बहिरं मूल नको म्हणून पोटातच, किंवा वाहक आहे म्हणून पोरीचं लग्न मोडलं तर? वाहक मुलगाही असतो, पण मोडणार ते मुलीचंच. ही भीती खोटी नाही. म्हणून लग्नाआधी सगळ्यांची सक्तीने तपासणी करा, दाखला मागा, या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. मी मागतोय ते जन्मलेल्या मुलासाठी आणि त्याच्या आईबापांसाठी. रिपोर्ट त्यांच्या हातात, दुसऱ्या कुणाच्या नाही. तो देणाऱ्याला गुपित ठेवण्याचं बंधन हवं, आणि तो अर्धा तास बसून समजावणारा हवा. पाकिटात घालून दिलेला रिपोर्ट घरात पुन्हा आळ घेण्याच्याच कामाला येतो.

इम्प्लांटनंतरच्या वाचा-उपचाराच्या वर्गाबाहेर मला एक कर्णबधिर तरुण भेटायचा, ऑफसेटवर कामाला होता. मी मोबाईलवर लिहायचो, तोही लिहायचा. माझ्या या सगळ्या उत्साहावर त्याने एकदा लिहिलं, ‘माझं कारण शोधून झालं की मग माझ्याशी बोलाल का?’ त्याला खुणांची भाषा येत होती, त्याच्या घरात ती कुणाला येत नव्हती. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत आईशी त्याचं बोलणं जेवण, पैसे आणि कामाची वेळ एवढ्यावरच होतं. त्यानंतर मी आणि भाची दोघं खुणा शिकतोय. मशीन काढून ठेवलं की ती बहिरीच असते, आंघोळीला, पोहायला, रात्री. तेव्हा तिला भाषा नको का? कर्णबधिर जोडपी लग्नाआधी समुपदेशकाकडे गेली आणि दोघांची जनुकं निराळी निघाली तर मुलं बहुधा ऐकणारी होतात, एकच जनुक निघालं तर सगळी बहिरी. दोन्ही ऐकून ‘बरं, कळलं’ म्हणून हसत उठणारी जोडपीही असतात. समुपदेशकाने त्यांच्याकडे दया करण्याच्या नजरेने बघितलं तर ते समुपदेशन नव्हे.

आम्हाला असं अर्धा तास बसून सांगणाऱ्या बाई पुण्याला भेटल्या. ताई, दाजी, वडील, आत्या आणि मी. आत्याला मुद्दाम नेलं होतं, ती यायला तयार नव्हती. बाईंनी कोरा कागद घेतला. वर्तुळ म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, ज्याला ऐकू येत नाही त्याचा आकार काळा भरायचा. खाली भाचीचं काळं वर्तुळ, तिच्यावर ताई आणि दाजी, मग रेषा वर चढत वडिलांपाशी आणि आत्यापाशी गेल्या. तिथून दोन्ही रेषा एकाच जोडप्याला, आजोबा-आजीला, जाऊन मिळाल्या. आत्या त्या जागी बोट ठेवून बघत राहिली. “म्हंजे हे माज्याच म्हायेरचं,” ती म्हणाली. ताईने मान खाली घातली होती. तिने ती वर केली.

बाईंनी विचारलं, आजोबांना भावंडं किती. आत्या बोटं मोजू लागली. तीन सांगितली आणि थांबली. मग वडिलांकडे न बघता म्हणाली, “एक धाकटा हुता. म्हशी राखायचा. बोलत न्हवता.” वडील तिच्याकडे बघत राहिले. माझ्या आजोबांना असा एक भाऊ होता हे मी पन्नाशीला आल्यावर, पुण्याच्या त्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं. लग्न झालं नव्हतं त्याचं. गोठ्यात निजायचा. आत्या दहा-बारा वर्षांची असताना गेला.

बाईंनी आजोबांच्या शेजारी एक चौकोन काढला आणि सावकाश काळा भरला. इतरांच्या आकारांखाली त्यांनी नावं लिहिली होती, म्हणून त्याचंही विचारलं. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बराच वेळ आठवत राहिली.

“मुक्याच म्हणत हुते समदी,” ती म्हणाली.

बाईंनी चौकोनाखालची जागा मोकळी सोडली.